फाटकासमोरचे बोंबील

रविवार, हिरामावशीच्या दहाव्याचा दिवस, सकाळी नऊ. मुर्ध्याच्या खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर हजर: तिचा मुलगा, सून सुगंधा, गावातली अकरा माणसं, गुरुजी, आणि जेसल पार्कहून आलेली मी. विद्यापीठाच्या फाटकाआड दोन सुरक्षारक्षक. फाटक बंद, आत दीक्षान्त समारंभ होता म्हणे. पिंडाचं ताट घेऊन आम्ही भिंतीला वळसा घातला, पाऊण तास चाललो... मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

हिरामावशी आमच्या सोसायटीत वीसेक वर्षं मासे घेऊन यायची. मी सोसायटीची सेक्रेटरी. गळती, लिफ्ट, टाक्या, सगळ्याच्या नोंदी माझ्या वहीत. "बाय, माझं नाव कवा लिवतेस त्यात?" असं ती चिडवायची. विद्यापीठ येणार म्हटल्यावर ती हरखली होती. गावच्या रिवाजाने नव्या कामाचा नारळ वडीलधाऱ्या बाईने फोडायचा, तो तिनेच फोडला. "पोरी घराजवळ शिकतील गं!" खाडीची वाट फाटकातून कायम खुली राहील, असा शब्द विद्यापीठाच्या साहेबांनी तिथेच, सगळ्यांसमोर दिला. कागद कोणी मागितला नाही. नारळ फुटला त्या जागी दिलेला शब्द कोण मोडेल, असं गावाला वाटलं... चूक झाली ती एवढीच.

मग भिंत उठली. गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, झेरॉक्सची आणि मोमोची दुकानं आली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही; खोल्यांतल्या मुलींना ती "खा गं काय तरी, काटकी झालीस" म्हणून दटावायची. पण एके दिवशी फाटकावर ओळखपत्र मागायला लागले. आम्ही दोघी तक्रार घेऊन गेलो, तर साहेबांनी रंगीत पुस्तिका पुढे सरकवली. पहिल्याच पानावर नारळ फोडणारी हिरामावशी, आणि खाली छापलेलं: 'ग्रामस्थांच्या संमतीने'.

तिने पुस्तिका पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी फाटकासमोरच्या गावाच्या जागेत तिने बांबू रोवले, दोऱ्या बांधल्या आणि बोंबील टांगले. दुपारचा वारा साहेबांच्या खिडकीकडे वळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रक्षक हात जोडून आला. "मौसी, साब बोलते हैं बहुत बास आता है."

"वासाकडं ओळखपत्र न्हाय ना? मग पकड त्याला, सोडू नको आत!"

मी नवी वही उघडली. पहिल्या पानावर तिचं नाव घातलं. खाली रोजची नोंद: फाटक बंद, वेळ, सांगितलेलं कारण. परीक्षा, पाहुणे, साफसफाई... पुढेपुढे नुसतंच 'ऑर्डर'. गुडघे गेले तरी ती वळसा घालून होडीपर्यंत जायची. त्या वळशावरच एका दुपारी भिंतीला टेकून बसली, ती उठली नाही.

तेराव्याला साहेब आले, हार आणि नारळ घेऊन. "नव्या वसतिगृहाचं भूमिपूजन आहे. आजींच्या स्मरणार्थ सूनबाईंनीच नारळ फोडावा." सुगंधाने नारळ घेतला. साहेबांचा चेहरा खुलला.

"ठेवून घेते," ती म्हणाली. "फाटक उघडाल त्या दिवशी फोडते. फोटोवाल्याला पण तवाच आणा."

वसतिगृहावर पालिकेने हरकती मागवल्यात. वहीच्या प्रती काढल्या, सह्या घेतल्या, ती पुस्तिका जोडली, उद्या देणार. साहेबांना त्या प्रत्येक पानाचं उत्तर उभं राहून द्यावं लागो, आणि तेव्हा खिडकी उघडी असो. बोंबील आता सुगंधा टांगते. रविवारी मी जाते. हाताला वास लागतो, लागू दे.

नारळ मावशीच्या रिकाम्या टोपलीत आहे. काल हलवून पाहिला, आत पाणी अजून वाजतं. वहीतल्या माझ्या यादीत प्रती, सह्या, पुस्तिका, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. एकच ओळ तशीच आहे: फाटक उघडणे.