भाऊजींची नवी गाडी

आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात धूळ बसत नाही अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे माझ्या भाऊजींची गाडी. आमच्याकडे एप्रिलमध्ये वावटळ सुटली की धूळ कुणाची भीड ठेवत नाही. ती देवघरातल्या बाळकृष्णावर बसते, कचेरीतल्या साहेबाच्या टेबलावर बसते, झाकून ठेवलेल्या माठात कशी शिरते ते तिचं तिलाच ठाऊक. पण मोताळ्याजवळच्या एका खेड्यात, भाऊजींच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे, तिथे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीपर्यंत आली की ती बिचारी आल्या पावली परत जाते, असा माझा ठाम समज आहे. गाडी घेऊन सहा वर्षं झाली. दार उघडलं की आजही शोरूमचा वास येतो. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मे महिन्यात त्यावर बसून मोताळ्याहून बुलढाण्याला आलेला माणूस उतरतो तेव्हा सदरा सीटवर राहतो की अंगावर, हे खाली उतरेपर्यंत सांगता येत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं मोताळ्यात दुकान आहे. जळालेली मोटार उघडून तिची तार नव्याने गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, मात्र तो हात धरावा असा कधी नसतोही. कोपरापर्यंत ग्रीस, बनियनला तीन भोकं, कानामागे पेन्सिल. असा हा माणूस घरी आला की आधी साबणानं हात धुतो, मग राखेनं, मग पुन्हा साबणानं, आणि त्यानंतरच गाडीच्या दाराला बोट लावतो. ताई म्हणते, "जेवाले बसतानी एकडाव धुते. गाडीसाठी तीनदा."

गाडी घरी आली तो दिवस मला चांगला आठवतो. ताई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली आणि कुंकवाचं स्वस्तिक काढायला तिनं बोट पुढं केलं, तर भाऊजींनी तिचं मनगट धरलं. कुंकू रंग सोडतं म्हणे. मग एक कोरा कागद आणला. तो चिकटवायचा तर चिकटपट्टीचा डिंक राहील, म्हणून भाऊजी स्वतः दोन्ही हातांनी तो कागद बॉनेटवर धरून उभे राहिले आणि ताईनं कागदावर स्वस्तिक काढलं. नारळ फोडायला मला दोन घरं सोडून पाठवलं, पाणी उडू नये म्हणून. त्या घरच्या म्हातारीला वाटलं मी तिच्याच दारात काही नवस फेडतोय. तिनं मला ओवाळलं आणि खोबरं ठेवून घेतलं.

गाडीत बसायचे नियम पाठ व्हायला मला दोन वर्षं लागली. पायताण बाहेर काढायचं. हातात अंगठी असेल तर ती आधी दाखवायची, कारण दाराच्या कडीमागे ओरखडे पडतात ते अंगठ्यांनीच. खायचं तर नावच काढायचं नाही. एकदा राजूर घाट चढून वर आलो आणि मी खिशातून चार शेंगदाणे काढले, तर त्यांनी कडेला घेऊन गाडी उभी केली. "उतर. खा. तोंड पूस. मंग बस." मी उतरलो, खाल्ले, पुसलं. आत पाय टाकताना म्हणाले, "ढेकर येनार असन तर तेबी बाहेरच दे बे. वास धरते सीट."

पण या नियमांची खरी किंमत आम्ही लोणारला मोजली. उन्हाळ्यात सगळे मिळून सरोवर पाहायला निघालो होतो. भाऊजींच्या अंगणात सगळ्यांनी शिस्तीत चपला काढल्या, पाय झटकले, गाडीत बसलो. तीन-साडेतीन तासांनी लोणारला पोचलो, दारं उघडली, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पाच जणांच्या पाच जोडी चपला मोताळ्याजवळच्या अंगणात रांगेने उभ्या आहेत. भर दुपार, डांबर मऊ झालेलं. माझी बायको एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत चपलांच्या दुकानापर्यंत गेली आणि परत येईपर्यंत माहेरच्यासकट सगळ्यांची आठवण काढून आली. सरोवर पाहायचं राहूनच गेलं. भाऊजी मात्र वाकून पायाखालच्या चटया पाहत होते. "पाय बी साफच ठेवले सगळ्यायनं," ते कौतुकानं म्हणाले.

गाडीची आंघोळ रोज पहाटे. गाडी कोरड्या फडक्यानं पुसणं हे भाऊजींच्या लेखी पाप. आधी वरून पाणी सोडून धूळ उतरवायची, मग दुसऱ्या बादलीतलं फेसाचं पाणी, मग पुन्हा नितळ पाणी, आणि शेवटी ताईच्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा. आतल्या वाऱ्याच्या जाळ्या दात घासायच्या ब्रशनं. बटणांच्या फटी कान कोरायच्या कापूसकाडीनं. उन्हाळ्यात पत्रा तापतो, तेव्हा तर भिंतीच्या सावलीबरोबर गाडी दिवसातून चारदा सरकते. निंबाखाली कधीच नाही, कारण निंबावर पाखरं असतात आणि पाखरांना नियम सांगून उपयोग नसतो.

या आंघोळीला रोज एक प्रेक्षक असे. ताईचे सासरे. त्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं, भाऊजीही तेच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. समोरच्या ओट्यावर कपबशी घेऊन बसत आणि गाडीकडे न पाहता, निंबाच्या झाडाला उद्देशून बोलत. "चाकापासून सुरू केलं. आधी पाठ धुवाव लागते." भाऊजी चाकच घासत राहत. दुसऱ्या दिवशी मात्र आंघोळ टपापासून सुरू होई.

आबाजी निंबाशी बोलत त्यामागे एक दुखणं होतं. पत्र्याची ती खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. तिथे आबाजींची शेवटची जोडी बांधलेली असे, चांद्या आणि सोन्या. आबाजींच्यानं वावरात जाणं होईना, भाऊजींना दुकानातून सवड मिळेना, नांगरटी ट्रॅक्टरनं होऊ लागल्या. शेवटी भाऊजींनी जोडी विकली. बाजारात नाही नेली. नदीपलीकडच्या गावात एक चांगला शेतकरी पाहून त्याच्या हाती दावं दिलं. मग गोठ्यात फरशी घातली आणि गाडी घेतली. तीही आबाजींसाठीच. दर महिन्याला गुडघे दाखवायला त्यांना एसटीतून हादरे खात बुलढाण्याला जावं लागे, ते भाऊजींना पाहवत नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा आबाजी ओट्यावरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "माहे बैल जिथी उभे राहात, तिथी तू डबा उभा केला. मी त्यात पाय नाई ठेवनार." आणि नाही ठेवला. सहा वर्षं एसटीनंच गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली तेव्हा तर त्यांच्या हट्टाला सरकारचाही पाठिंबा मिळाला. महिन्यातल्या त्या दिवशी भाऊजी पहाटेच गाडी दारात लावत, मागचं दार उघडून उभे राहत. आबाजी गाडीला वळसा घालून काठी टेकत थांब्याकडे जात. भाऊजी दार लावून घेत.

मी एकदा चिडून विचारलं होतं. "भाऊजी, सहा वर्षांची गाडी. ते प्लास्टिक तरी फाडा. काऊन एवढी जपता?" ते कापूसकाडीनं बटणं कोरत होते. मान वर न करता म्हणाले, "आबाजी बसले नाईत अजून. ज्याच्यासाठी घेतली तो बसला नाई, तंवर नवीच हाये ना बे ते." त्या दिवसापासून मी शेंगदाण्यांची चेष्टा करणं सोडलं. कधीतरी आबाजींची समजूत पटेल आणि त्या दिवशी गाडी त्यांना शिळी दिसू नये, एवढ्या एका आशेवर तो माणूस रोज पहाटे उठत होता. मला त्यांचं फार वाईट वाटे, आणि आबाजींचा राग येई. पण ओट्यावर शेजारी जाऊन बसलं की त्यांचाही राग येईनासा होई.

पोळ्याला मी दरवर्षी ताईकडे जातो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि त्यांना जेवायचं बोलावणं करतात. आबाजींचा नेम असा, की ताईनं कालवलेली तूप-हळदीची वाटी घेऊन ते दुपारच्या एसटीनं नदीपलीकडे जात, चांद्या-सोन्याचे खांदे चोळत, रात्री तिथेच राहत आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी चारून परत येत. या वर्षी दोन दिवस पावसाची झड लागली होती. पुलावरून पाणी चाललेलं, रस्ता बंद. सगळ्यांनी सांगितलं, तरी आबाजी वाटी घेऊन थांब्यावर जाऊन बसले. गाडी नेतो म्हणावं तर पूलच पाण्याखाली. दिवस कलताना ते परत आले. वाटी तशीच, वर पदराच्या तुकड्याचं झाकण. ताई म्हणाली, "द्या आबाजी, ठेवून देतो." त्यांनी दिली नाही. ओट्यावरही बसले नाहीत. अंगणात मधोमध उभे राहिले, आणि मग काठी टेकत पत्र्याच्या खोलीत शिरले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

ताई आणि मी दारापर्यंत धावलो. आबाजींनी वाटीत चार बोटं बुडवली आणि पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर तूप-हळद चोळायला सुरुवात केली. सावकाश, दाबून, खांदा चोळतात तशी. तूप ओघळून दिव्याच्या काचेवर आलं. "आज आवतन घ्या," आबाजी म्हणाले, "उद्या जेवाले या." बैलांना म्हणतात तेच शब्द.

नेमके त्याच वेळी भाऊजी दुकानातून आले. ग्रीसनं भरलेले हात तसेच. ताईनं माझी बाही घट्ट धरली. कुंकवाला मनगट धरणारा माणूस हा, आणि समोर वाटीभर हळद. आबाजींनी मागे वळून पाहिलं. ते आता निंबाशी बोलत नव्हते. "सहा वर्षं पाहून राह्यलो तुले," ते म्हणाले. "मी माह्या बैलायले रोज नाई धुतलं इतकं. कोनाले तरी आवतन द्याव लागते. हा दावनीले हाये, यालेच देल्लं."

भाऊजी बॉनेटपाशी आले. मला वाटलं आता फडकं मागतील. पण ते म्हणाले, "आबाजी, डावा खांदा राह्यला. तिकडंबी लावा." आणि न धुतलेल्या हातानं त्यांनी वाटी धरली.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघाड दिली. गावातल्या तोरणाखाली बैलांची रांग लागली आणि रांगेच्या शेवटी आमची हळद लावलेली गाडी. पुढच्या सीटवर आबाजी. भाऊजींनी प्लास्टिक पहाटेच फाडून टाकलं होतं. रांगेतल्या एकानं ओरडून विचारलं, "आबाजी, याची शिंगं कुठी हायेत?" आबाजी खिडकीतून म्हणाले, "गोऱ्हा हाये अजून. निंघतीन." पोळा फुटला, बैल घरोघर निघाले, पण आबाजी उतरेनात. "पुलावरचं पानी उतरलं म्हनते," ते समोर पाहत म्हणाले. "चाल, त्यायले भेटून येऊ." ताईनं पुरणपोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर दिला आणि मी मागे बसलो.

चांद्या-सोन्या आता म्हातारे झालेत. आबाजींच्या आवाजानं दोघांनी माना वळवल्या. सोन्यानं पुरणपोळी खाल्ली. चांद्या मात्र दावं ताणून थेट गाडीपाशी आला, बॉनेट हुंगलं आणि आपली खरखरीत जीभ काढून तूप चाटायला लागला. नव्या मालकानं धावत येऊन दावं धरलं. "ओढू नका," भाऊजी म्हणाले. "चाटू द्या त्याले." आबाजी एका हातानं चांद्याची पाठ खाजवत होते, दुसरा हात गाडीच्या टपावर होता.

परतताना पूल ओलांडला आणि आबाजींची मान कलली. गुडघे लांबवून, तोंड थोडं उघडं टाकून ते झोपले होते. मला त्या दोघांकडे पाहून भरून आलं. ही वर्षं वाया गेली याचं वाईट वाटलं, आणि अजून काही हाती आहेत याचं बरंही. भाऊजींनी हळू आवाजात विचारलं, "झोपले का बे?"

"हो."

"मंग बोलू नको."

त्यांनी खाचखळगे चुकवत गाडी अगदी पावलापावलानं नेली. मागून एक एसटी आली, हॉर्न वाजवून पुढे गेली. आठ किलोमीटरचा रस्ता आम्ही तासभर पुरवला.