भांड्यांवर नावं घालणारा विद्यार्थी

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या मुकुंदराव वेळापुऱ्यांनी आयुष्यात इतकी नावं लिहिली, की मतदारयादीसुद्धा तेवढी लांब नसेल. कासाराचं दुकान. लग्न असो, मुंज असो, भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. 'चि. सौ. कां. अमकीस आत्याकडून सप्रेम भेट.' शेजारची दुकानं मशीनच्या पेनाने अर्ध्या मिनिटात गुर्र करून नाव काढून देतात. मुलगा संदीप यानेही तसलं एक आणून ठेवलंय. पण मुकुंदरावांची छिन्नी-हातोडी काही सुटली नाही. "ते लिहिणं नव्हे रे, ते खरवडणं," असं म्हणून त्यांचं आपलं टिचटिच टिचटिच चालू.

शाळा सातवीपर्यंतची. अक्षर मात्र असं, की मास्तर रोजचा सुविचार त्यांच्याकडूनच फळ्यावर लिहून घ्यायचे. एकदा इन्स्पेक्टर आले आणि म्हणाले, "मास्तर, काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं!" मास्तरांनी लाजून मान खाली घातली, आणि साहेब गेल्यावर मुकुंदाला मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा दिला. पुढे वडिलांचा हात थरथरायला लागला. ऐन लग्नसराईत दुकानात अक्षर काढणारं दुसरं कुणी नव्हतं. आठवीची पुस्तकं आणलेली होती, ती तशीच कोरी राहिली.

पण अक्षराचं वेड जात नाही. मोकळा रविवार मिळाला की मुकुंदराव आधी सायकलवरून, मग लुनावरून आसपासच्या खेड्यांत जायचे. कुठं देवळाबाहेर, कुठं तळ्याकाठी जुना कोरीव दगड दिसला, की त्याच्यासमोर बसून वहीत एकेक अक्षर उतरवायचे. हजार वर्षांपूर्वीची कानडी ती. वाचता एकही अक्षर येत नव्हतं! नुसतं वळण बघायचं नि खूश व्हायचं. त्यांच्या मंडळी कृष्णाबाई म्हणायच्या, "लोक देवळात जाऊन देव बघतात. आमचे हे बाहेरचा दगड बघून घरी येतात."

असं चालता चालता मुकुंदराव एकसष्ट वर्षांचे झाले. आणि एके दिवशी दुकानात धारवाडच्या भार्गवी मॅडम आल्या. भाचीच्या वास्तुशांतीला तांब्याचा हंडा घ्यायचा होता. नाव घालून होईतो त्या गल्ल्यावर हात टेकून उभ्या होत्या. गल्ल्याच्या काचेखाली मुकुंदरावांनी एका दगडावरच्या चार ओळी काढून ठेवलेल्या. मॅडमनी चष्मा वर केला, मग खाली केला.

"हे कुणी काढलं?"

"मीच की. का हो? चुकलंय?"

"चुकलं कुठलं! अहो, आमची मुलं वर्ष घालवतात तरी त्यांच्या हाताला हे वळण येत नाही. वाचता येतं तुम्हाला?"

"छे हो, बाई. नुसतं बघता येतं."

मॅडम धारवाडात मळमड्डीजवळच्या एका जुन्या संस्थेत शिलालेख वाचायला शिकवत. शनिवारचा वर्ग. "येत्या शनिवारी बर्री, या नक्की," त्या म्हणाल्या. मुकुंदरावांनी हातोडी खाली ठेवली. हंड्यावर 'भाचीस' एवढंच झालं होतं, पुढचं काही सुचेना. संदीप सांगतो, त्या दिवशी अप्पांनी तीन गिऱ्हाइकांना सुट्टे पैसे दोनदा दिले.

शनिवारी उणकलच्या घरून इस्त्रीचा शर्ट घालून ते हुबळी-धारवाडच्या चिगरी नावाच्या शहरबसने धारवाडला गेले. वर्गात सगळी विशी-पंचविशीची मुलं. संस्थेचे प्रमुख बाळाचार्य, वय पंचाहत्तर, आवाज असा की खिडकीतलं कबूतर उडावं.

"काय करता आपण?"

"भांड्यांवर नावं घालतो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाळाचार्य हसले नाहीत, ते त्याहून वाईट.

"हे बघा वेळापुरे, इथं पदवी लागते. एक जागा माझ्या हातात आहे, पण दयेपोटी मी ती कुणाला देत नाही. दिवाळीपर्यंत नुसते बसा. मग आपण एका गावी दगड वाचायला जाणार आहोत. तिथं तुम्हाला काय दिसतं ते सांगा. त्यावर ठरवू."

म्हणजे दोन महिने! आता साठी उलटलेल्या डोक्यात नवीन अक्षरं बसवायची म्हणजे भरल्या पोत्यात आणखी चार पायली धान्य कोंबण्यासारखं. मुलं फोनवर फोटो काढून पाठ करायची. मुकुंदरावांना तसं जमेना. त्यांना हाताने काढल्याशिवाय काही लक्षात राहत नसे. मग जुन्या पत्र्यांवर, झाकणांवर, हाताला लागेल त्याच्यावर अक्षरं कोरायला सुरुवात केली. एका सकाळी कृष्णाबाईंनी फळीवरून डबा काढला, तर त्यावर भलतंच काहीतरी.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"'स' आहे तो. साखरेचा."

"आणि हा शेजारचा?"

"तोही 'स'च. सोजी आहे त्यात."

"मग ओळखायचं कसं?"

"उघडून बघायचं की."

"वा! साठीला शिक्षण घेतलं, ते बायकोला डबे उघडायला लावायला!" एवढं बोलल्या खऱ्या, पण दुसऱ्या शनिवारी बससाठी चपाती-भाजीचा डबा त्यांनीच भरून दिला.

दिवाळीनंतर वर्ग निघाला तो कलघटगीच्या बाजूच्या एका खेड्यात. तळ्याच्या बांधावर छातीएवढा काळा दगड. वरती सूर्य-चंद्र, खाली अठरा ओळी. बाळाचार्यांनी तरुणपणी हाच दगड वाचून छापला होता. कुणीतरी हे तळं खोदायला आपलं शेत दिलं, असा मजकूर. पण कुणी दिलं, ते दगडावर नाही. "दात्याचं नाव दिलेलं नाही," असं त्यांनी तेव्हाच लिहून टाकलेलं.

मुलांनी दगड धुतला, ओला कागद चिकटवला, ब्रशने ठोकठोक ठोकला, शाईची गादी फिरवली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटली. बाळाचार्य एकेकाला विचारत गेले. कुणी राजाचं नाव वाचलं, कुणी साल. शेवटी ते वळले.

"हं, वेळापुरे."

मुकुंदराव दगडासमोर उकिडवे बसलेले. सहाव्या ओळीच्या ऐन मध्यावर एक फूल होतं, पाच पाकळ्यांचं. त्याच्यावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"आचार्य, हे फूल इथं कशाला आलं?"

"शोभेसाठी."

"शोभेचं फूल कोपऱ्यात असतं. सुरुवातीला असतं, शेवटाला असतं. वाक्याच्या पोटात कोण फूल काढतं?" मुकुंदराव घाबरले होते, पण थांबेनात. "मी काढतो. रागावू नका, सांगतो. तीस वर्षं झाली असतील, एका लग्नाची बावीस ताटं होती. मुलाचा मामा डोक्यावर उभा. गडबडीत देणाऱ्याचंच नाव राहिलं नि पुढचं अक्षर कोरलं गेलं. आता पितळेवरचं पुसणार कसं? मग त्या अक्षरावर फूल कोरलं. आणि राहिलेलं नाव घातलं ताटाच्या खाली, बुडाला. आमच्यात सगळे असंच करतात. मध्येच फूल दिसलं, की कासार भांडं पालथं करून बघतो."

मग मागून एक पोरगा म्हणाला, "काका, पण हा दगड पालथा कसा करायचा?"

हशा पिकला. बाळाचार्यांनी हात वर केला, हशा तिथंच थांबला. ते वाकले. फुलाच्या खाली त्यांनी नख फिरवलं. पाकळ्यांच्या मधून एका अक्षराचा पाय डोकावत होता. इतकी वर्षं त्यांना ती पाकळीची रेघ वाटत होती.

"दगडाचा पाया मातीत आहे," ते हळू म्हणाले. "खालून कधी बघितलाच नाही मी."

गावच्या पंचांना विचारलं. तळ्यावर म्हशी धूत असलेल्या एकाने खुरपं आणून दिलं. बेताबेताने माती काढली. एक वीत झाली, काही नाही. दीड वीत झाली, काही नाही. मुकुंदरावांच्या कानशिलावरून घाम गळायला लागला. दोन महिने, पत्र्यांवरची सगळी अक्षरं, सगळं त्या खड्ड्यात उतरलं होतं. आणि मग भार्गवी मॅडमनी ओल्या ब्रशने दगड पुसला, तशी बारीक अक्षरांची एकच ओळ वर आली. दाटीवाटीने बसवलेली, घाईघाईत कोरलेली.

पहिलं अक्षर मुकुंदरावांनी स्वतः वाचलं. "मा. 'मा' आहे हा!"

पुढचं बाळाचार्यांनी वाचलं. गुडघे मातीत टेकून, एकेक अक्षर, मोठ्याने. घाणा चालवणाऱ्या मादिकब्बे नावाच्या बाईने आपलं शेत या तळ्यासाठी दिलं. एवढंच. हजार वर्षं ती बाई त्या मातीत वाट बघत होती.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. म्हशीवाल्याने काय झालं ते विचारून घेतलं नि तोही टाळ्या वाजवायला लागला. बाळाचार्यांनी मुकुंदरावांचा हात धरून उठायला आधार घेतला.

"भेष, वेळापुरे, भेष! मी छापलेलं चुकीचं होतं, ते आता मलाच छापून सांगायला हवं. तुमच्या नावासकट. सोमवारी अर्ज भरायला या."

"पण पदवी..."

"शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी' लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा. सही मी करतो."

मुकुंदरावांनी बांधावरूनच दुकानात फोन लावला; आज गल्ल्यावर कृष्णाबाई बसल्या होत्या. वारा होता, तळ्यावर पोरं आरडत होती, त्यामुळे ते एवढ्या जोरात ओरडले, की पलीकडच्या काठावरचे बगळे उठले. "जागा दिली! अगं, दिली मला जागा!"

कृष्णाबाईंनी फोन ठेवला. दुकानात तेव्हा एक बाई कळशी घेऊन उभ्या होत्या, येत्या शनिवारी नाव घालून हवं म्हणत होत्या. कृष्णाबाई पदर सारखा करून खुर्चीवर ताठ बसल्या.

"शनिवारी नाही हो मिळायचं," त्या म्हणाल्या. "शनिवारी आमच्या ह्यांचा वर्ग असतो."