हळदीचं बटण

आमच्या नेवाशाच्या घरी ओसरीवर पूर्वी वडिलांचं व्हिडिओ गेमचं मशीन होतं, चांगलं कपाटाएवढं. धंदा बसल्यावर ते गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं आणि त्यात उंदरांनी संसार थाटला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी ते साफ करायला काढलं, ते आईच्या हट्टापायी. वडील बाजाराच्या दिवशी मशीनची चावी खुंटीवर विसरून जायचे, तेवढ्यात ती खेळून घ्यायची. अशाच एका दुपारी आपण त्यांचा सर्वाधिक गुणांचा आकडा मोडला, असं ती पंचवीस वर्षं सांगतेय. साक्षीदार कोणी नाही. वडील नुसते मिशीत हसतात. आता तिला तो आकडा सगळ्यांदेखत पुन्हा मोडायचा होता.

मशीन अंगणात आणलं तर वडील पाण्याचा पाइप घेऊन हजर. घोडेगावच्या बाजाराआधी म्हैस धुवायचे तसं धुऊन काढायचा बेत. मी पाइप हिसकावून घेतला. त्यांना पुरावाच वाहून घालवायचा होता, असं माझं अजूनही मत आहे.

वायर काढून ठेवली तरी पिक्चर ट्यूबमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. म्हणून आत मी हात घातला नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं; त्यानं ती वीज आधी उतरवली, मग कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढली. तळाच्या फळीवरची उंदरांची घाण मी मास्क आणि हातमोजे घालून, फिनेलच्या फडक्यानं ओली करूनच उचलली. बाहेरच्या रंगीत चित्रांना घट्ट पिळलेलं फडकं आणि बेताचा साबण. एवढ्या वेळात चार म्हशी धुऊन झाल्या असत्या, असं वडील दर तासाला ऐकवत होते.

बटणं काढून साबणाच्या पाण्यात टाकली. सगळी पांढरी निघाली, गोळी मारायचं तेवढं पिवळं ते पिवळंच. हळद! उन्हात ठेवलं तर उडेल म्हणून मी ते पत्र्यावर टाकायला निघाले, तर आईनं माझा हात धरला.

"राहू दे. भाजी फोडणीला टाकून तशीच पळत यायचे मी."

तिनं ते बटण वडिलांच्या नाकासमोर धरलं. मला वाटलं, आता वडील सापडले. त्यांनी चष्मा वर सरकवून ते निरखलं.

"पेंड, दावं, छत्री, काय इसरलोय का मी कधी?" ते म्हणाले. "मग चावीच तेवढी कशी इसरंन? आन् घरी आल्याव पडद्यावरचा आकडा दिसायचाच की."

आईनं बटण खाली घेतलं. "मग तवाच का न्हाई बोललात?"

"बोललो असतो तर तू खेळायची थांबली असतीस."

पदरानं बटण पुसून आईनं ते माझ्याकडे दिलं आणि लवकर बसव म्हणाली.