दारालगतचा वाकडा क्रॉस

येरानुही ही माझी शेजारीण. तोंडाने फटकळ, हाताने सढळ, आणि गावच्या जुन्या चर्चवर हक्क असा सांगायची की जणू ते तिचं माहेर. सोव्हिएत काळात पार्टीचा सेक्रेटरी ह्मायाक याने पाद्र्याला हाकलून तिथे खताची पोती भरली. ही बाई पोत्यांच्या आडोशाला जाऊन मेणबत्ती लावायची. ह्मायाकने एकदा पकडलं, तर म्हणाली, "उंदीर शोधत होते. सगळ्यात मोठा आत्ता सापडला."

पुढे ते राज्य बुडालं, पोती निघाली आणि पाठोपाठ लढाई आली. आमच्या गावची पोरं लढाईवर निघताना चर्चच्या भिंतीत बोटभर क्रॉस कोरून जात. येरानुहीच्या एकुलत्या एक सम्बातनेही कोरला, आत, दारालगतच्या काजळलेल्या दगडात, घरच्या सुरीने. वाकडा आला.

"शाळेत तरी सरळ रेघ कधी मारलीस?" आई हसली.

सम्बात परतला नाही. त्याचं प्रेतही आलं नाही, त्यामुळे कबर नाही. दर रविवारी ती त्या क्रॉसवर तळवा ठेवायची आणि लेकाशी बोलायची. जर्दाळूला यंदा कीड लागली, भिंतीपलीकडची ही बया लवाशच्या रोट्या करपवते, असलं काहीबाही. ती बया म्हणजे मी. पोराला भेटायला तिला जगात तेवढीच जागा होती.

मग मॉस्कोत गब्बर झालेला आर्ताशेस आला. ह्मायाकचाच मुलगा. बापाच्या नावाने चर्च दुरुस्त करतो म्हणाला आणि अख्खा गाव त्याच्या मोटारीमागे लोटला. येरानुहीने मागचं सगळं गिळलं.

"बाळा, छप्पर घाल, फरशी घाल," ती त्याला म्हणाली. "दारालगतच्या दगडाला तेवढा हात लावू नकोस."

"आजी, तुमचा शब्द म्हणजे हुकूम!"

हिवाळाभर चर्चला कुलूप होतं. वसंतात ते उघडलं त्या दिवशी येरानुहीने आपलं मेंढरू बळीसाठी दिलं, रिवाजाप्रमाणे त्याला स्वतःच्या हाताने आशीर्वादाचं मीठ चारलं. मग आत गेली आणि दारापाशी थांबली. भिंत धुतलेल्या ताटासारखी स्वच्छ होती. तिने दोन्ही हातांनी दगड चाचपला. त्यावर आता ठसठशीत अक्षरं होती: ह्मायाकच्या पुण्यस्मरणार्थ.

"कुठाय?" तिने विचारलं.

"काय, आजी?"

"माझा पोरगा."

आर्ताशेस गोंधळला. कारागिराने कानात काही सांगितलं, तसा तो हसला. "अहो, ते ओरखडे होय! काजळीबरोबर घासले गेले. मी नवा घडवून देतो ना, नक्षीदार, माणसाएवढा!"

"त्याचा हात कुठून आणशील?"

नव्या पाद्र्याने घाईघाईने धूप पेटवला. माझा असा संताप झाला की ती धूपदाणी कुणाच्या तरी डोक्यात घालावी. पण मीही बाकीच्यांसारखी मुकाट उभी राहिले.

"तुझ्या बापाने खत भरलं," येरानुही शांतपणे म्हणाली, "पण भिंत ठेवली होती."

आमच्यात चर्चमधून निघताना वेदीला पाठ दाखवत नाहीत. उलट्या पावलांनी बाहेर पडतात. पोत्यांच्या काळातही येरानुही तशीच निघायची, ठेचकाळत, पोत्यांना धडकत. त्या दिवशी तिने वेदीकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि सरळ चालत घरी गेली.