गुलाबरावच्या आंगची कास

"वेल हातभर झाले, फुलं धरून राह्यले. तू येतं कई?"

कडूबा रेतीच्या टेकाडावर उभा राहून फोनमधी वरडत होता. पूर्णेच्या पात्रात रेंज तेवढी तिथंच.

"येतो न बे," नाशकाहून गुलाबराव म्हणाला.

"मांगच्या खेपीलेबी हेच म्हनलं होतं. तुह्या आंगून सारा वारा घुसते. वेलाईवर रेती चढून राह्यली. मी उकरू तं किती उकरू?"

जळगाव जामोदच्या खालतं, नदी उतरली की रेतीत डांगरवाड्या लागायच्या. डांगर, टरबूज, काकडी. लोक एकेक करून सुटले. यंदा कडूबा एकटाच उतरला होता. शेजारची गुलाबरावची वाडी उघडी पडली होती.

दोन वाड्यांच्या मधी वारा अडवायला कास लावतात. पांढऱ्या तुऱ्याचं गवत, त्याच्या मुळ्या रेतीला धरून ठेवतात. अर्धी ओळ याच्या आंगची, म्हणजे बाजूची, अर्धी त्याच्या. दुसऱ्याच्या अर्ध्यात कोणी कास लावत नाही. लावली, की समजायचं, त्या अर्ध्याचा माणूस आता नदीत उतरणार नाही. पलीकडच्या वाडीचा रामराव वारला तेव्हा त्याच्या आंगची कास कडूबानंच लावली होती.

दोन्ही अर्ध्यांच्या मधात या दोघांनी माणूस आडवा निघेल एवढी फट ठेवली होती, चहाले जाया-यायला. त्या फटीतून रेती येते म्हणून दरसाल भांडायचे. बुजवली कोणीच नाही.

यंदा गुलाबरावच्या अर्ध्यात कडूबानं तुरीच्या काड्या टोचून पाहिल्या, ताडपत्री बांधून पाहिली. ताडपत्री उडून नदीपार गेली. या हप्त्यात फुलं दबली तर वाडी गेलीच.

"तिथं नाशकात चौथ्या माळ्यावर डांगर लावतं का बे आता?" कडूबानं फोनमधी विचारलं.

गुलाबराव हसला. हसता हसता खोकला. मग म्हणाला, "कडूबा, माह्या आंगची कास लाऊन टाक."

"काय म्हनलं?"

"आयकू आलं तुले."

"रेंज नाई इथं," कडूबा म्हणाला अन् त्यानं फोन कापला.

टेकाडावर तो बराच वेळ बसला. बिडी पेटवली, वाऱ्यानंच ती अर्धी ओढली. खाली वेलांवर रेती सरकत होती. मग उठला, कुदळ घेतली, पाण्याच्या कडेहून कासेचे थोंब मुळासकट खणून आणले.

काठावर गुलाबरावची जुनी खोप होती, त्या टोकाहून सुरुवात केली. खड्डा, थोंब, पायानं दाबणं, ओंजळभर पाणी. ऊन कलेपर्यंत फटीपाशी आला. दोन थोंब उरले होते. त्यानं खोपीकडं एकदा पाहिलं. दारातल्या चुलीत वारूळ झालं होतं.

"लई रेती येत होती याच्यातून," तो मोठ्यानं बोलला.

दोन्ही थोंब त्यानं फटीत दाबले. हात धोतराला पुसले, अन् पहिल्या वेलापाशी उकिडवा बसून फुलांवरची रेती बोटांनी बाजूला करू लागला.