निवटीला लागतं तेवढंच पाणी

आमच्या बाबाला आता हवासुद्धा मोजून द्यावी लागते. कोपरीच्या घरात त्याच्या कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असतं. त्याच्या नळीत एक छोटी गोळी तरंगते. ती दोनच्या रेषेवरच राहिली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलंय. गोळीची राखण माझ्याकडे, कारण घरात शिकलेली मी. डोंबिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते ना! तिथून सुटले की रोज इथे येऊन बसते.

बाबाने जन्मभर ठाण्याच्या खाडीत मासेमारी केली आणि पोटभर विड्या ओढल्या. ओहोटीला तो गुडघाभर चिखलात उतरून बिळांतून निवट्या काढायचा. निवटी हा बोटाएवढा मासा भलताच चिवट. बिळातल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून ती कल्ल्यांत पाणी धरून बाहेर येते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून हवा घेते, आणि चिखलावर टुणटुण उड्या मारत फिरते. नुसत्या पाण्यावर तिचं भागत नाही.

माझ्या बाळंतपणात बाबा निवट्या घेऊन डोंबिवलीला आला होता. आमच्यात बाळंतिणीला निवट्यांचं कालवण देतात, आणि चुलीवर जाईपर्यंत निवटी जिवंत लागते. त्याने त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या होत्या. तो परत गेल्यावर माझ्या सासूबाईंना त्या मुक्या जिवांची दया आली. त्यांनी बादली काठोकाठ भरली, निवट्या आत सोडल्या आणि वर ताट झाकलं. हवेसाठी वर यायला जागाच उरली नाही. संध्याकाळी बघतो तर सगळ्या मेलेल्या.

फोनवर हे ऐकून बाबा खो खो हसला. "मासा बुडवून मारला तुमी! अगं, तिला लागतं तवरंच पानी द्यायचं. जास्ती माया केली का जीव जातो तिचा."

सासूबाई मात्र आठवडाभर खजील होत्या.

परवा दुपारी बाबाला जबर धाप लागली. उठून बसला, गादीवर हात रोवले आणि माझं मनगट धरलं. "वाढव गं. मना श्वास पुरत नाय."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी औषधाचा वाफारा द्यायला सांगितलं आणि पुन्हा तेच म्हणाले, दोनच्या वर न्यायचं नाही. मी वाफारा लावला.

आई ओरडली, "वाढव ना! बापूस हाय तुजा! साधी हवा देववत नाय तुला?"

बाबाच्या अंगाने कमी हवेची सवय करून घेतलीये. वरून भरमसाट ऑक्सिजन दिला, तर त्याचा श्वास मंदावू शकतो, आतला वाईट वायू साचतो, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. हे मी कुणालाही फळ्यावर आकृती काढून समजावीन. आईकडे मात्र मी पाठ केली आणि गोळीकडे बघत राहिले. मला रडू येत होतं आणि सगळ्यांचा रागही येत होता. मशीनचा, विड्यांचा, डॉक्टरांचा, आणि माझ्या मनगटावरच्या त्या हाताचासुद्धा. बटण माझ्या दुसऱ्या हाताखाली होतं. एक पीळ दिला असता तर तो क्षणभर सुखावला असता.

"बाबा," मी म्हटलं, "सासूबाईंची बादली आठवते?"

त्याने डोळे वर केले. दोन श्वासांच्या मध्ये कसंबसं म्हणाला, "मी... निवटी हाय का?" पण हात सोडला. वाफारा सुरू होता. धाप हळूहळू बसली. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी आपटू लागली.

तेव्हापासून बाबा वाढव म्हणत नाही. धाप लागली की आधी माझ्याकडे बघतो, मग गोळीकडे, आणि मान खाली घालतो. आई विचारते, काय पाहिजे? तो हातानेच नको म्हणतो. त्याने मागावं, भांडावं, मला शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटतं. कमी हवेची सवय त्याच्या अंगाला आपोआप झाली. न मागायची सवय मी लावली.