वरच्या काकांचे मूस

कतारच्या उन्हात, दोह्यात राहून स्वेटर कोपरावर विरेपर्यंत वापरणारा माणूस मी एकच पाहिला : ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका. मूळचे नाशिकचे, वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनिअर, बायको-मुलं नाशिकलाच. त्यांचा सगळा जीव मूस या प्राण्यावर. मूस म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातलं, जवळजवळ उंटाएवढं हरीण. तिथल्या एका नदीकाठच्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण काका ऑफिसातून आले की टीव्हीवर लावत. एसी सोळावर, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. "बर्फ बघताना घाम आला तर त्या जनावराचा अपमान होतो," असं त्यांचं म्हणणं. एकदा एसी दुरुस्त करायला आलेला माणूस हा अवतार पाहून "सर, मशीन तो ठीक है" म्हणत दारातूनच परत गेला. मूस दिसत क्वचितच. काका तासन्‌तास रिकाम्या नदीला "यल्ला, यल्ला", म्हणजे अरबीत "चला, चला", करत बसत.

माझी तक्रार मुसांविषयी नव्हती. माझी दहा वर्षांची मुलगी माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते. गोष्टी, गाणी, चॉकलेटची लाच, सगळं करून झालं होतं. तीच मुलगी वर शाल गुंडाळून बसे आणि काकांशी मराठीत बोले. मी दारात उभा राहून ऐकलं आहे.

"काका, एरवी एकटे राहतात ना? मग आता सगळे एकत्र का?"

"डोंगरावर बर्फ पोटाला लागलं की चालवत नाही गं. मग खाली पाइनच्या जंगलात उतरायचं. तिथे बर्फ कमी, खायला कोवळे शेंडे."

"पिल्लांना रस्ता कोण सांगतं?"

"कोणी सांगत नाही. आईच्या मागून एकदा चाललं की झालं."

मी आत जाऊन विचारलं, "हे आपलं सांबरच ना?"

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. काका सरकले आणि मला जागा दिली. ते जास्त लागलं. मग मी आठवडाभर मुसांवर वाचलं आणि जेवताना ऐकवलं. "आय नो. काका टोल्ड मी," एवढंच उत्तर आलं.

गेल्या उन्हाळ्यात काकांची नोकरी संपली. कायमचे नाशिकला निघताना त्यांनी माकडटोपी मुलीला दिली आणि मला जिन्यात थांबवलं. "तुमचा हेवा वाटायचा मला. माझी दोन्ही मुलं मला साधा मेसेजही मराठीत करत नाहीत."

डिसेंबरात एका संध्याकाळी मुलीने टीव्ही लावला. "बाबा, एसी सोळावर कर ना. आज उतरतील." मी केला आणि स्वेटर शोधून आणला. तासभर नुसती नदी वाहत होती. मुलगी माझ्याशी बोलत होती, सगळं मराठीत. प्रत्येक वाक्य "काका म्हणायचे" असं सुरू होत होतं. मी एकदाही मध्ये बोललो नाही.